मापाचा माणूस

उताणेमास्तरांना सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, तर "हरणारे सगळे सारखेच" या वाक्याचा. कोणी हे त्यांच्यासमोर म्हणालं की संपलं. हातातला चहा खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरचा कोण, पोस्टातला कारकून की दंतवैद्य, हे न बघता त्याची शाळा घ्यायचे. दंतवैद्याची तर त्यांनी स्वतःचं तोंड उघडं असतानाच घेतली होती. तो बिचारा कवळीचं माप घेत होता.

उताणे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पोस्टमनसुद्धा विसरला होता. एकतीस वर्षं दर रविवारी दुपारी चार वाजता जुन्या नाट्यगृहात लुटुपुटूच्या मारामारीचा खेळ व्हायचा, आणि एकतीस वर्षं मास्तर त्यात उताणे पडायचे. मधोमध दोरांचं रिंगण, खाली फळ्या, फळ्यांवर पातळ गादी, भोवती चारशे खुर्च्या. कोण कोणाला पाडणार हे गुरुवारीच ठरलेलं असायचं. ते ठरवणारा एक माणूस होता, त्याला सगळे गोष्टकार म्हणत. वैर कधी पेटायचं, मित्र कधी उलटायचा, सूड कुठल्या रविवारी घ्यायचा, सगळं त्याच्या वहीत. त्या वहीत मास्तरांच्या नावापुढे एकतीस वर्षांत एकदाही "जिंकतो" असं लिहिलं गेलं नाही. एकदाही नाही, आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं.

कारण त्यांच्या मते हरणं ही पाच वेगवेगळी कामं होती. नवीन पोरं आली की मास्तर त्यांना आधी हेच शिकवत. भरतीचा म्हणजे घोळक्यातला एक, नायकानं हात फिरवला की चौघं मिळून आडवे होतात त्यातला. त्याचं तोंड त्याच्या आईलाही आठवत नाही. फुशारकीचा वेगळा. तो पंधरा मिनिटं छाती ठोकतो आणि पहिल्या चापटीत गार होतो, लोक पोट धरून हसतात. उतरणीचा कधीकाळी वाघ असतो आणि गोष्टकाराला कंटाळा आला म्हणून आता शेळीकडूनही मार खातो. मास्तर म्हणायचे, तसलं काम करण्यापेक्षा दुकान टाकावं. चिवट तो, जो हरतोच, पण दर वेळी पुन्हा उठतो; घरी जाताना लोकांच्या तोंडी जिंकणाऱ्याचं नाव नसतं, त्याचं असतं.

आणि मास्तर स्वतः? ते मापाचे. मापाचा माणूस दांडगा दिसायला हवा, लोकांना त्याची भीती वाटायला हवी, आणि मग त्यानं अशा ऐटीत पडायला हवं की पाडणारा कोण हे बघायला मागच्या रांगेनं उभं राहावं. दुसऱ्याची उंची मोजायची ती पट्टी. एकदा गोष्टकारानं चुकून, की मुद्दाम, त्यांना फुशारकीचं काम लिहिलं तेव्हा मास्तर तीन रविवार घरी बसले होते. पडलो तरी नाक वर, म्हणून सगळे चिडवायचे. चिडवू देत. पण एका गोष्टीवर मात्र ते आणि गोष्टकार एकमतानं अडून बसायचे: मापाच्या माणसानं चिवटपणा करायचा नाही. पट्टीच पुन्हा पुन्हा उठून उभी राहिली तर पाडणारा लोकांच्या डोळ्यांदेखत लहान होत जातो.

सहा वर्षांपूर्वी एक तरणाबांड मुलगा आला. आधी तो गोदामात पोती उचलायचा. खांदे होते, पण चालणं असं की कोणी हाक मारली तर दचकेल. गोष्टकारानं त्याचं नाव ठेवलं वज्र आणि त्याला मास्तरांच्या हवाली केलं. मास्तर त्याच्यापुढे पडले, पुढच्या रविवारी पुन्हा पडले, आणि वर्षभरात वज्राचं चित्र नाट्यगृहाच्या दारावर लागलं. मास्तरांना तो फार आवडायचा. का, तर हात हलका. याचा ठोसा आला की गालाला वारा लागायचा, बोट लागायचं नाही. इतरांच्या हातून कधी दात हलायचा, कधी बरगडी दुखायची. याच्या हातून कधी खरचटलंही नाही. म्हणून मास्तरांची एकुलती एक लेक ठकी एक दिवस लाजत म्हणाली की मला तो पसंत आहे, तेव्हा मास्तरांनी बायकोला म्हणजे खेळाचे कपडे शिवणाऱ्या शिंपीणबाईंना आनंदानं सांगितलं की आपल्या मुलीला याच्याइतका जपणारा नवरा मिळणार नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. आणि फसला कोण, तर ज्याचा धंदाच दिसण्याचा, तो.

लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा एका दुपारी ठकी माहेरी आली. फक्त अर्धा तास, तो खाली गाडीत थांबलाय, म्हणाली. आणि खुर्चीवर बसली. बसताना तिनं आधी एक हात खुर्चीच्या काठावर टेकवला, मग हळूच, एका बाजूनं अंग सोडलं. तोंडावर हसू तसंच.

दुसऱ्या कुठल्या बापाला त्यात काही दिसलं नसतं. पण खोटं दुखणं दाखवायचं असतं आणि खरं दुखणं लपवायचं असतं, हे मास्तरांनी तीस वर्षं नव्या पोरांना घोकायला लावलं होतं. त्यांनी विचारलं, काय झालं. जिन्यात पाय घसरला, ती म्हणाली. जिन्यात घसरणारा मनगटावर पडतो, ढुंगणावर पडतो. डाव्या बरगडीवर कोणी पडत नाही. मास्तरांना पडण्याबद्दल कोण फसवणार? ती गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, आणि बायको शिलाई मशीनवर डोकं टेकून रडली. तिला आधीच संशय होता. तो तिनं मास्तरांपासून लपवला होता.

मग मास्तरांनी जी चूक केली ती त्यांच्याच हातून होऊ शकते, दुसऱ्या कोणाच्या नाही.

ते एका सकाळी लेकीच्या घरी गेले. दार जावयानं उघडलं. एरवी नाट्यगृहात मास्तर त्याला "अरे" म्हणत आणि घरी चेष्टेनं "जावईबापू, तुम्ही". त्या दिवशी नुसतं म्हणाले की मुलीला न्यायला आलोय. ठकी मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तिनं चपला कुठे आहेत ते पाहिलं. म्हणजे ती निघणार होती. जावयानं मास्तरांच्या छातीवर हात ठेवला आणि ढकललं. जोर काही नव्हता. शेजारचा म्हातारा असता तरी उभा राहिला असता.

आणि मास्तर पडले. एकतीस वर्षांची सवय. छातीला हात लागला की गुडघे सैल, मान आत, पाठ गोल, दोन्ही तळवे जमिनीवर, धप्प. व्हरांड्यात इतका मोठा आवाज झाला की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. अंगाला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. जावई खो खो हसला. म्हणाला, मास्तर, प्रेक्षक कुठायत?

मास्तर धडपडत उठले, पण ठकी चपलांकडे बघत नव्हती. ती खाली बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी जा." दार लागलं.

त्यानंतर तिचं बाहेर पडणंच बंद झालं. जावई दिवसभर घरी, बाहेर पडला तर तिला बरोबर घेऊन. पोलिसांत जायचं तर ती स्वतः नाही म्हणेल, ही भीती. रविवारी मात्र तो एकटा यायचा. पूर्वी सगळ्यांच्या आधी येऊन फळ्या झाडायचा, आता मोठा झाला होता; स्वतःच्या लढतीआधी दहा मिनिटं येणार, सासूकडून कमरपट्टा बांधून घेणार, नऊ मिनिटं लढणार, आणि तसाच घरी. घर पायी पंधरा मिनिटांवर, गाडीनं पाच. सासू कपड्यांच्या खोलीत दिसली नाही तर त्याच्या लगेच लक्षात आलं असतं. म्हणजे तो रिंगणात उतरल्यावरच तिला निघता येणार. जायला पंधरा मिनिटं, मुलीची समजूत घालायला किती देव जाणे, मग कागद आणि दोन कपडे. नऊ मिनिटांत काय होणार, कप्पाळ?

आठवडाभर मास्तर घरात फेऱ्या मारत होते. कधी म्हणायचे रिंगणातच त्याचं नरडं धरतो. कधी म्हणायचे उतरतच नाही, बघू कोणाला पाडतो ते. बायको काजं करत ऐकत होती. शेवटी तिनं दोरा तोडला आणि म्हणाली, "तुम्ही तिथे मर्दुमकी दाखवाल, आणि तो घरी येऊन तिच्यावर काढेल. पडण्यात हुशार आहात ना तुम्ही? मग पडा. पण जास्त वेळ पडा."

असं ठरलं. पस्तीस मिनिटं. तिला नाट्यगृहातून निघून, मुलीला घेऊन, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या स्वतःच्या बहिणीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायला तेवढी लागणार होती. मावशीचं नवं घर जावयानं पाहिलेलं नव्हतं.

रविवारी सव्वापाचला वज्र रिंगणात उतरला. मास्तरांनी दोरांपलीकडे पाहिलं; कपड्यांच्या खोलीचा पडदा हलला आणि शिंपीणबाई पिशवी घेऊन मागच्या दारानं गेल्या. प्रवेशदारावर मोठं घड्याळ होतं. छप्पन्न वर्षांच्या त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा लढताना घड्याळाकडे पाहिलं.

पहिली नऊ मिनिटं नेहमीसारखी. मग वज्रानं मास्तरांना उचलून आपटलं, छातीवर पाय ठेवला आणि लोक दहापर्यंत मोजू लागले. सहाला मास्तरांनी त्याचा पाय बाजूला केला आणि ते उठले. चारशे माणसं गप्प झाली. वज्रानं ओठ न हलवता विचारलं, काय करताय, संपलं ना? मास्तर पुटपुटले, अजून नाही. वहीत बदल झाला असेल असं त्याला वाटलं. त्यानं गोष्टकाराकडे पाहिलं, तर गोष्टकार खुर्चीतून अर्धा उठून दोन्ही हात हलवत होता.

पुन्हा आपटलं. सातला उठले. पुन्हा. पाचला उठले. आता पहिल्या रांगेतली एक आजी टाळ्या वाजवायला लागली आणि मग सगळेच. मास्तरांनी आयुष्यभर जे करायचं नाही असं शिकवलं तेच ते करत होते, आणि तसंच झालं जसं ते सांगायचे: दर उठण्यागणिक वज्र लहान होत होता. त्याला निघून जाता येत नव्हतं. जो आधी दोर ओलांडेल तो हरला, हा नियम लहान पोरांनाही ठाऊक होता, आणि चारशे लोकांसमोर हरणं त्याला परवडणार नव्हतं.

तेविसाव्या मिनिटाला त्यानं मारलं. म्हणजे खरं मारलं. कानात शिट्टी वाजली, ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. मास्तरांना कळलं की आपण या हाताला सहा वर्षं ओळखतच नव्हतो. ठकी ओळखत होती. आणि त्या क्षणी त्यांना सूड घ्यायचा होता हो, का नाही घ्यायचा होता? कुठे मारलं की माणूस गुडघ्यावर येतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? नुसता कोपराचा एक ठोसा, आणि वज्र दोन मिनिटांत आडवा. पण तो आडवा झाला की खेळ संपला, आणि घड्याळात बारा मिनिटं उरली होती. तो चवताळून घरी गेला असता, आणि दारात त्याला मायलेकी भेटल्या असत्या.

म्हणून मास्तर पडले. त्याला तुम्ही भित्रेपणा म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पडले, उठले, पुन्हा पडले. मार आता सगळाच खरा होता आणि पडणंही हळूहळू खरं होत चाललं होतं. डावा डोळा मिटला. घड्याळाचे काटे उजव्या डोळ्यानं बघावे लागत होते, आणि ते बघायला मान वळवली की चक्कर यायची. पाच वाजून पन्नास मिनिटं झाली तेव्हा ते उठले नाहीत.

दहा मोजून झाले. वज्रानं हात वर केले, पण कोणी ओरडलं नाही. मग मागून कोणीतरी "उताणे" म्हणालं, आणि सगळं नाट्यगृह तेच नाव घेऊन खुर्च्या बडवू लागलं. वज्रानं कमरपट्टा सोडला, गादीवर टाकला आणि अंगात सदरा न घालता गाडीकडे गेला. मास्तर पडल्या पडल्या हिशेब करत होते, गाडीनं पाच मिनिटं. ठकी निघाली असेल का? की आईला म्हणाली असेल, तू घरी जा?

गोष्टकार बडबडत आला, त्याला काय हवं होतं ते मास्तरांनी ऐकलंच नाही. तोंड धुतलं, अंगावर कोट चढवला आणि बस पकडली. बायकोला फोन करावा तर हात नंबरावर जाईना. ठकी नाही म्हणाली असेल तर? खिशात फोन वाजला. जावयाचा. वाजून थांबला. पुन्हा जावयाचा. पुन्हा. चौथ्यांदा वाजला तेव्हा मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याची बायको घरात सापडली असती तर हा माणूस सासऱ्याला फोन कशाला करत बसला असता? फुटलेल्या ओठानं ते एकटेच हसले, तेव्हा शेजारची बाई उठून पुढच्या बाकावर गेली.

मावशीच्या स्वयंपाकघरात ठकी बसली होती. पायात घरातल्याच सपाता. शेजारी पिशवी, त्यात कागदांची फाईल आणि एक टॉवेल. आईनं सांगितलं की आधी ती तयारच नव्हती, बाबांचं काम जाईल म्हणत होती. मग आईनं एवढंच सांगितलं की तू जितकी मिनिटं वाद घालशील तितकी मिनिटं ते तिथे मार खातील.

मास्तरांना वाटलं होतं लेक गळ्यात पडेल. तिनं त्यांचं तोंड पाहिलं, उठली, फ्रीजमधून बर्फ काढला, रुमालात बांधला आणि त्यांच्या डोळ्यावर जरा जोरातच दाबला.

मग म्हणाली, "बाबा, सहा वर्षं तुम्ही त्याच्यापुढे पडलात. त्याला वाटायला लागलं, आपण हात लावला की माणूस पडतोच. त्यानं मला पहिल्यांदा ढकललं ना, तेव्हा मी पडले नाही. उभीच राहिले. त्याला कळेचना काय करायचं. मग मी पडेपर्यंत त्यानं मारलं."

शिंपीणबाईंनी तोंडावर पदर घेतला. मावशी गॅस बंद करायला वळली. मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. खेळ म्हणजे खेळ असतो, घर म्हणजे घर, असलं काहीतरी सांगता आलं असतं. हरणाऱ्याच्या पाच जाती पाठ असणाऱ्या माणसाला काहीही सांगता आलं असतं. कोटाच्या खिशात फोन पुन्हा वाजू लागला, त्यांनी तो काढला आणि बंद करून टेबलावर उपडा ठेवला.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले.

ठकीनं त्यांचा हात उचलून बर्फावर ठेवला. "हे धरा नीट," ती म्हणाली, "पाणी गळतंय."